सॉफ्टवेअरमधली खरेदी आणि खरी खरेदी: ईआरपीचा डेटा घेण्याआधी हे वाचा

मॅनेजमेंट, कॉमर्स किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडीचा विचार करत असाल, तर एक विषय तुमच्यासमोर कधी ना कधी येणारच: 'लघुउद्योगांमध्ये ईआरपीचा वापर आणि खरेदी प्रक्रियेवर होणारा परिणाम'. सिनॉप्सिसला सोपा आणि गाईडला पटणारा विषय. प्रश्नावली तयार असते, उत्तरंही जवळपास तयारच असतात: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कमी पडलं, बदलाला विरोध झाला, टॉप मॅनेजमेंटचा पाठिंबा हवा. झाला प्रबंध.

माझी तक्रार या उत्तरांबद्दल आहे. ती खोटी आहेत असं नाही. पण ती सगळा दोष माणसांवर टाकतात आणि सॉफ्टवेअरला प्रश्नच विचारत नाहीत. या लेखात आपण उलटं करून बघू. सर्वसाधारण बिझनेस सॉफ्टवेअर, म्हणजे हिशेबाचं पॅकेज, त्याला जोडलेलं इन्व्हेंटरी मॉड्यूल किंवा छोट्या कंपन्यांना विकली जाणारी तयार ईआरपी, यांना खरेदी म्हणजे नेमकं काय वाटतं? आणि त्या समजुतीत काय बसत नाही?

आधी वंशावळ बघा

कुठलंही सॉफ्टवेअर कशासाठी जन्माला आलं हे त्याच्या स्क्रीनवर दिसतं. आपल्याकडे छोट्या कंपनीत पहिलं सॉफ्टवेअर येतं ते बहुतेक वेळा हिशेबाचं. टॅलीची सुरुवात १९८६ ची, आणि ती हिशेब ठेवण्यासाठीच झाली. खरेदी तिथे एक व्हाउचर आहे. व्यवहार झाला, आता त्याची नोंद करा.

दुसरी वाट कारखान्यातून आली. जोसेफ ऑर्लिकी यांचं मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंगवरचं पुस्तक १९७५ चं. कुठल्या तयार मालासाठी कुठले सुटे भाग, किती आणि कधी लागतील, याचं गणित म्हणजे एमआरपी. १९९० मध्ये गार्टनरने 'ईआरपी' हा शब्द रूढ केला, तेव्हा या गणिताला हिशेब, मनुष्यबळ, विक्री असं सगळं जोडलं जात होतं. या वाटेने आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदी म्हणजे प्लॅनिंगने काढलेल्या आकड्याची अंमलबजावणी.

आता गंमत बघा. एका बाजूला खरेदी म्हणजे घडून गेलेल्या व्यवहाराची नोंद, दुसऱ्या बाजूला आधीच ठरलेल्या गरजेची पूर्तता. मधलं जे काम आहे, म्हणजे कुणाकडून घ्यायचं, घासाघीस कुठवर करायची, कुणाचा माल उशिरा आला तरी सांभाळून घ्यायचा, कुणावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवायचा नाही, ते दोन्ही घराण्यांत नव्हतं. पर्चेस ऑफिसरचा दिवस मात्र त्यातच जातो. सॉफ्टवेअरमध्ये या कामाला जागा मिळते ती फार तर 'रिमार्क्स'च्या रकान्यात.

सरळ रेषा आणि वाकडी वाट

सॉफ्टवेअरच्या मते खरेदी अशी होते: मागणी, कोटेशन, पर्चेस ऑर्डर म्हणजे पीओ, माल आल्यावर जीआरएन, मग बिल. पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही कागद जुळले की पेमेंट. यालाच थ्री-वे मॅच म्हणतात. पुस्तकातली आकृती म्हणून उत्तम.

समजा, पुण्याजवळ भोसरी किंवा चाकणमध्ये वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारं एक छोटं मशीन शॉप आहे. तिथली खरेदी या रेषेतून कुठेकुठे बाहेर पडते बघा.

पहिलं, एकक. कास्टिंग किलोवर विकत घेतलं जातं आणि शॉपमध्ये नगावर मोजलं जातं. स्टीलचा बार वजनावर येतो, कापताना मिलिमीटरमध्ये मोजतात आणि प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये नग लिहितात. सॉफ्टवेअरला एक ठरलेलं गुणोत्तर हवं असतं: एक नग म्हणजे इतके किलो. पण प्रत्येक कास्टिंगचं वजन थोडं वेगळं असतं. मग महिनाअखेरीला स्टॉकमध्ये फरक निघतो आणि 'स्टॉक ॲडजस्टमेंट'ची एन्ट्री पडते. तुम्ही संशोधक म्हणून तो डेटा उघडला, तर तुम्हाला वाटेल इथे चोरी तरी होते किंवा निष्काळजीपणा तरी आहे.

दुसरं, जॉब वर्क. माल प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो. तो विकलेला नसतो, आणि परत येतो तेव्हा विकत घेतलेलाही नसतो, फक्त त्यावर केलेलं काम विकत घेतलेलं असतं. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ मध्ये या व्यवहाराला स्वतंत्र जागा आहे: कर न भरता चलनावर माल पाठवता येतो, पण तो एका वर्षात परत आला पाहिजे, आणि भांडवली वस्तू असेल तर तीन वर्षांत. म्हणजे प्रत्येक चलनाचं स्वतःचं घड्याळ आहे. साध्या पॅकेजमध्ये मात्र दोनच दरवाजे असतात, एक स्टॉक ट्रान्सफरचा आणि एक सर्व्हिस बिलाचा. पाठवलेले ५०० नग, परत आलेले ४८७, तिथे खराब झालेले ९ आणि अजून त्यांच्याकडेच असलेले ४, हा हिशेब शेवटी एक्सेलमध्ये किंवा वहीत राहतो.

तिसरं, दर. पीओवर दर एकच असतो आणि तो पक्का असतो, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. वाहन उद्योगात मात्र स्टीलचा भाव बदलला की दर मागच्या तारखेपासून सुधारण्याची पद्धत आहे. मग पूरक बिलं किंवा डेबिट नोटा निघतात. सहा महिन्यांपूर्वी 'बंद' झालेले पीओ पुन्हा जिवंत होतात.

चौथं, माल स्वीकारणं. जीआरएनवर दोन रकाने असतात, स्वीकारला आणि नाकारला. पण शॉप फ्लोअरवर तिसरा निर्णय रोज होतो: माप थोडं बाहेर आहे, पण लाइन थांबवता येणार नाही, तेव्हा डेव्हिएशनवर घ्या. हा निर्णय सॉफ्टवेअरमध्ये 'स्वीकारला' म्हणून जातो. वर्षाअखेरीला त्या पुरवठादाराचं क्वालिटी रेटिंग शंभर टक्के दिसतं!

यातली कुठलीही गोष्ट अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. अशा शॉपचा हा नेहमीचा दिवस आहे. नेहमीचा दिवस अपवादाच्या रकान्यात टाकावा लागत असेल, तर मॉडेल तपासायला हवं.

मंजुरी रुपयांवर, जोखीम दुसरीकडे

पीटर क्राल्जिक यांचा १९८३ चा हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला लेख खरेदीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचायलाच हवा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्या वस्तूंची खरेदी एकाच पद्धतीने करू नका. दोन प्रश्न विचारा. या वस्तूचा नफ्यावर परिणाम किती? आणि पुरवठ्यात जोखीम किती? त्यातून चार गट पडतात. स्वस्त पण मिळायला अवघड अशा वस्तूंचा गट त्यांनी 'बॉटलनेक' म्हणून वेगळा काढला.

लेखाला चाळीस वर्षं होऊन गेली. आता कुठल्याही तयार पॅकेजमधली मंजुरीची रचना बघा. दहा हजारांपर्यंत पर्चेस ऑफिसर, लाखापर्यंत मॅनेजर, त्यावर मालक. म्हणजे सगळी उतरंड रुपयांवर. जुन्या आयात मशीनचं चारशे रुपयांचं ऑइल सील, जे एकाच विक्रेत्याकडे मिळतं आणि नसेल तर मशीन उभं राहतं, ते आणि चारशे रुपयांच्या पुसायच्या चिंध्या सॉफ्टवेअरच्या नजरेत एकाच लायकीच्या. अनुभवी स्टोअरकीपर ते सील कपाटात वेगळं जपून ठेवतो आणि स्टॉकमध्ये दाखवतही नाही. ऑडिटरला ती अनियमितता वाटते. खरं तर तो क्राल्जिकचंच काम करतोय, फक्त सॉफ्टवेअरच्या बाहेर.

उशिराची किंमत कोण मोजतो?

इथवर वाचून वाटेल की हा सगळा नोंदींचा घोळ आहे. तसं नाही. यात कुणाचे तरी पैसे अडकतात. एक उदाहरण आकड्यांनिशी करून बघू.

समजा, लीप वर्ष नसलेल्या एका वर्षी ३ फेब्रुवारीला एका लघुउद्योजकाने या मशीन शॉपला माल पोचवला. ऑर्डर फोनवर दिलेली होती. पीओ मंजुरीत अडकला होता आणि पीओशिवाय सॉफ्टवेअर जीआरएन करू देत नाही. जीआरएन झाला १९ फेब्रुवारीला. लेखी करारात मुदत ४५ दिवसांची. सॉफ्टवेअरने जीआरएनच्या तारखेपासून मोजलं आणि देय तारीख दाखवली ५ एप्रिल.

आता कायदा काय म्हणतो? एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे कराराने ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचे, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. हे दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. आणि माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. म्हणजे ३ फेब्रुवारी. तिथून ४५ दिवस म्हणजे २० मार्च.

१६ दिवसांचा फरक. त्या सोळा दिवसांत ३१ मार्च येतो, हे लक्षात घ्या. कंपनीने ५ एप्रिलला पैसे दिले तर सॉफ्टवेअरचा रिपोर्ट हिरवा: वेळेत पेमेंट. कायद्याच्या हिशेबात मात्र उशीर, आणि कलम १६ खाली रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं, २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून. त्यानुसार मुदत चुकवून पुढच्या आर्थिक वर्षात पैसे दिले, तर तो खर्च आधीच्या वर्षात वजा मिळत नाही.

कंपनीचं नुकसान झालं ते झालंच. पण त्याआधी तो लघुउद्योजक सोळा दिवस जास्त थांबला. त्याचे पगार आणि बँकेचा हप्ता त्याच महिन्यात होते. त्याने फोन केला तर उत्तर एकच: सिस्टिममध्ये अजून ड्यू दिसत नाहीये. त्या उत्तरावर तो काय बोलणार? सिस्टिमने कुणाला दुष्टपणा करायला लावला नाही. फक्त एक तारीख चुकीच्या जागेवरून मोजली, आणि त्या मोजणीचा भार दोघांतल्या कमजोर बाजूवर पडला.

यात अजून एक पेच आहे. पुरवठादार सूक्ष्म, लघु की मध्यम, हे सॉफ्टवेअरमध्ये व्हेंडर मास्टरमध्ये एकदा भरलं जातं. पण हा दर्जा गुंतवणूक आणि उलाढालीनुसार बदलतो, आणि मर्यादाच १ एप्रिल २०२५ पासून बदलल्या. सूक्ष्म उद्योगासाठी आता गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत, लघुसाठी पंचवीस आणि शंभर कोटींपर्यंत. म्हणजे ही माहिती तारखेसकट ठेवायला हवी. एकच रकाना असेल तर नवीन माहिती जुनीला पुसून टाकते, आणि मागच्या वर्षीचं पेमेंट कोणत्या नियमात होतं हे नंतर सांगता येत नाही.

फोर्डची गोष्ट, पण पूर्ण

या विषयावर वर्गात एक उदाहरण हमखास सांगतात. मायकल हॅमर यांनी १९९० च्या लेखात फोर्डच्या अकाउंट्स पेएबल विभागाबद्दल लिहिलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत त्या विभागात पाचशेहून जास्त लोक होते. फोर्डला वाटत होतं, कॉम्प्युटर लावून वीस टक्के कमी करू. मग त्यांनी माझदाकडे बघितलं, तर तिथे हे काम पाच माणसं करत होती. कंपनी लहान आहे हे धरूनही फरक प्रचंड होता. फोर्डमध्ये पीओ, पावती आणि बिल यांच्यातल्या चौदा बाबी जुळवाव्या लागत, आणि बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांमागे जात असे. त्यांनी बिलच काढून टाकलं. माल आला, ऑर्डरशी तीन बाबी जुळल्या, पेमेंट निघालं. माणसं पंचाहत्तर टक्क्यांनी कमी झाली.

वर्गातला निष्कर्ष: बघा, तंत्रज्ञानाने किती फरक पडतो. माझ्या मते त्या लेखाचा मुद्दा याच्या उलट आहे. जुनी प्रक्रिया तशीच कॉम्प्युटरवर चढवली असती तर वीस टक्केच मिळाले असते. प्रश्न प्रक्रियेचा होता.

पण म्हणून ती युक्ती आपल्याकडे उचलून आणता येईल का? आपल्याकडे खरेदीदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट हवं असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम १६ नुसार टॅक्स इन्व्हॉइस हातात असणं ही अट आहे. बिल काढून टाकता येत नाही. शिवाय फोर्ड हा पुरवठादाराला अटी घालू शकणारा ग्राहक होता. वीस माणसांचं युनिट मोठ्या स्टील विक्रेत्याला अशा अटी घालू शकत नाही. एका देशातलं, एका आकाराच्या कंपनीचं उत्तर जेव्हा 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणून पॅकेजमध्ये बसून येतं, तेव्हा त्याच्यासोबत ते कुणासाठी लिहिलं होतं हे येत नाही. थॉमस डेव्हनपोर्ट यांनी १९९८ मध्येच हा इशारा दिला होता की एंटरप्राइज सिस्टिम स्वतःचं तर्कशास्त्र कंपनीवर लादते. आपण तो लेख संदर्भसूचीत टाकतो आणि पुढे प्रशिक्षणाच्या अभावावर लिहितो.

दुसरी बाजूही तितकीच खरी

आता सॉफ्टवेअरच्या बाजूने. तोंडी ऑर्डर आणि वहीतल्या नोंदी यांचं कौतुक करताना सावध राहा. फोनवरच्या खरेदीतच कमिशन लपतं. एकाच विक्रेत्याकडे वर्षानुवर्षं ऑर्डर का जाते, याचं उत्तर 'संबंध' असतं, तसंच ते 'पाकीट'ही असू शकतं. मागणारा, मंजूर करणारा आणि पैसे देणारा वेगळा हवा, हा नियम सॉफ्टवेअर सक्तीने पाळायला लावतं, आणि मालकाला त्याचसाठी ते हवं असतं. पीओशिवाय जीआरएन नाही ही अट त्रासदायक आहे, पण ती मूर्खपणाची नाही.

दुसरा बचाव असा की कस्टमाइज करून घ्या. होतं, पण प्रत्येक बदलाचे पैसे लागतात, नवीन व्हर्जन आलं की तो पुन्हा तपासावा लागतो, आणि ज्याने तो लिहिला तो माणूस कंपनी सोडून गेला की कुणी हात लावत नाही. आणि फक्त खरेदीसाठी बनवलेली महागडी प्लॅटफॉर्म्स? ती मोठ्या खरेदीदारासाठी असतात. त्यांचं काम पुरवठादाराने पोर्टलवर येऊन माहिती भरण्यावर चालतं. दहा ग्राहक असलेल्या छोट्या पुरवठादाराला दहा पोर्टलं, दहा पासवर्ड. खरेदीदाराचं डेटा एन्ट्रीचं काम संपत नाही, ते फक्त पुरवठादाराच्या टेबलावर जातं.

म्हणून माझी टीका 'सॉफ्टवेअर वाईट' एवढी सोपी नाही. ते नियंत्रणासाठी चांगलं आहे आणि निर्णयासाठी आंधळं आहे. अडचण येते ती नियंत्रणासाठी गोळा केलेला डेटा आपण निर्णयांचा इतिहास म्हणून वाचतो तेव्हा. आणि हे संशोधक फार वेळा करतात.

तर मग तुम्ही काय करायचं?

कंपनीने डेटा दिला की रिग्रेशन चालवायची घाई करू नका. आधी या गोष्टी तपासा.

१. पीओची तारीख आणि जीआरएनची तारीख शेजारी ठेवा. पीओ त्याच दिवशीचा किंवा नंतरचा असेल, तर तो कागद ऑर्डर नाही, मागाहून घेतलेली परवानगी आहे. अशा ओळी किती टक्के आहेत ते मोजा. त्या न वगळता काढलेला 'सरासरी लीड टाइम' निरर्थक आहे. आणि वगळल्यात तर किती आणि का हे प्रबंधात लिहा, कारण तो स्वतःच एक निष्कर्ष आहे.

२. गेटवरचं इनवर्ड रजिस्टर मागा. वॉचमनने लिहिलेली गाडीची तारीख आणि सॉफ्टवेअरमधली जीआरएनची तारीख यांतला फरक काढा. वर बघितलेले सोळा दिवस तुम्हाला तिथेच सापडतील. हे रजिस्टर कुणी मागत नाही, त्यामुळे सहसा कुणी देताना अडवतही नाही.

३. 'रिमार्क्स'चा रकाना वाचा. 'फोनवर बोलणं झालं', 'साहेबांनी सांगितल्यामुळे', 'दर नंतर'. शंभर-दोनशे ओळी हाताने वाचून त्यांचे गट पाडा. सॉफ्टवेअरच्या मॉडेलमध्ये काय बसलं नाही याची यादी कर्मचाऱ्यांनीच तुमच्यासाठी लिहून ठेवलेली असते.

४. समांतर एक्सेल शोधा. कुठली शीट कोण ठेवतं, किती दिवसांनी भरतं, आणि सॉफ्टवेअरशी ती कधी जुळवली जाते? प्रत्येक शीट म्हणजे सॉफ्टवेअरने न घेतलेलं एक काम.

५. पुरवठादाराशी बोला, निदान दोघातिघांशी. खरेदीवरचे बहुतेक प्रबंध फक्त खरेदीदाराच्या केबिनमध्ये बसून लिहिलेले असतात. पैसे कधी मिळाले हे ज्याला मिळायचे होते त्याला विचारल्याशिवाय 'वेळेत पेमेंट' हा व्हेरिएबल पूर्ण होत नाही.

एवढं केलंत की संशोधनाचा प्रश्नही बदलतो. 'कर्मचारी ईआरपी का स्वीकारत नाहीत?' याऐवजी 'खरेदीतले कोणते निर्णय ईआरपीच्या बाहेर राहतात, आणि त्याची किंमत कोण मोजतो?' दुसऱ्या प्रश्नाला लिकर्ट स्केलवर उत्तर मिळत नाही. वेळ जास्त लागतो, गाईडला समजवावं लागतं, आणि सॅम्पल साईझ लहान ठेवावा लागतो. व्हायवामध्ये 'एकाच युनिटवरून सगळ्यांबद्दल कसं बोलता?' हा प्रश्न येईल. त्याची तयारी ठेवा: तुमचा दावा सगळ्या युनिट्सबद्दल नाही, एका यंत्रणेबद्दल आहे, आणि ती यंत्रणा तारखांच्या नोंदींतून टप्प्याटप्प्याने दाखवता येते.

सिनॉप्सिस अजून दिला नसेल तर या आठवड्यात एवढंच करा. ओळखीच्या एखाद्या युनिटमध्ये जा आणि एका महिन्याच्या फक्त तीस बिलांसाठी चार तारखा लिहून काढा: गेटवरची, पीओची, जीआरएनची आणि पेमेंटची. कंपनीचं किंवा कुणाचं नाव लिहू नका, परवानगी घेऊनच करा. त्या तीस ओळी समोर ठेवून गाईडशी बोला. विषयाचं शीर्षक त्यानंतर ठरवा.